एकदाचं काय ते होऊन जाऊ दे

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. फोनचा उजेड अगदी कमी केलेला, तोही पांघरुणाच्या आत. मेलची यादी अंगठ्याने खाली ओढायची, वरच्या कडेला तो लहानसा गोल दोन-तीनदा फिरायचा आणि नाहीसा व्हायचा. नवीन काही नाही. पुन्हा ओढायची. पावणेतीन वाजता कुठलंही ऑफिस कुणाला निकाल कळवत नसतं, हे मला कळत होतं. तरी अंगठा थांबत नव्हता.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि "आम्ही कळवू" या दोन शब्दांवर मी एकोणीस दिवस काढले होते. त्या रात्री डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. त्या क्षणी नकार आला असता तरी मला हायसं वाटलं असतं. हे लक्षात आलं आणि मी फोन छातीवर ठेवून नुसतीच पडून राहिले. जी नोकरी मला मनापासून हवी होती, ती गेल्याची बातमीसुद्धा मला चालणार होती. फक्त हे वाट बघणं संपायला हवं होतं.

'एकदाचं' या शब्दाकडे माझं लक्ष तेव्हापासून गेलं. एकदा वेगळं आणि एकदाचं वेगळं. 'एकदा निकाल लागला' यात नुसती घटना आहे. 'एकदाचा निकाल लागला' म्हटलं की त्याच्या आधीच्या सगळ्या रात्री त्यात येतात. एकदाची परीक्षा संपली, एकदाचं बोलून टाकलं, एकदाचं ठरलं. यात आनंद असतोच असं नाही, सुटका मात्र नक्की असते. जीव टांगणीला लागणं हाही तसाच शब्दप्रयोग. पडलेला माणूस जमिनीवर तरी असतो, टांगलेल्याच्या पायाखाली काहीच नसतं. ज्यांनी हे शब्द घडवले ती माणसं खूप वाट बघितलेली असणार, असं मला वाटतं.

पुढे काही वर्षांनी एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि ती रात्र जशीच्या तशी समोर उभी राहिली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, दुखेल इतका. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता बदलत राहायचं. त्यामुळे कधी अंदाज पक्का असायचा, कधी सगळं अधांतरी. संशोधक त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजत होते. ताण सगळ्यात जास्त कधी होता? झटका बसणारच, हे ठाऊक असताना तो इतका नव्हता. बसेल किंवा बसणार नाही, दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या असताना तो शिगेला पोचत होता. म्हणजे मी त्या रात्री नकाराला तयार झाले होते ती माझी कमजोरी नव्हती. ठरलेलं दुःख न ठरलेल्या दुःखापेक्षा शरीराला सोपं जातं.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली होती आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका कमी-जास्त होत होता, त्यांचे अंदाज इतरांपेक्षा बरोबर येत होते. त्यांचं शरीर सावध होत होतं, लक्ष देत होतं आणि प्रत्येक दगडागणिक काहीतरी शिकत होतं. म्हणजे पोटात येणारा गोळा निरुपयोगी नाही. पण त्या खेळात दर वेळी दगड उलटायचा आणि उत्तर दिसायचं. माझ्या मेलच्या यादीत काहीच उलटत नव्हतं. मी रात्रभर सावध होते आणि शिकण्यासारखं समोर काही नव्हतं. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, कारण झोपेत मी दातावर दात दाबून धरलेले असायचे. धोका आला की पळायला किंवा भिडायला शरीर तयार होतं, हृदय जोरात धावतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि धोका टळला की सगळं पुन्हा खाली येतं. ही व्यवस्था थोड्या वेळासाठी आहे. एकोणीस दिवसांच्या "आम्ही कळवू"साठी ती बनलेली नाही.

विसाव्या दिवशी दुसऱ्याच एका ठिकाणाहून फोन आला. तिथे मी हाताशी काहीतरी असावं म्हणून अर्ज केला होता. कामाचं स्वरूप मला आवडलेलं नव्हतं आणि मुलाखतीतच ते कळलं होतं. त्यांनी विचार करायला आठवडा दिला होता. मी चाळिसाव्या मिनिटाला होकार कळवला. त्या रात्री मी सलग दहा तास झोपले. आईने सकाळी दोनदा येऊन पाहिलं म्हणे, मुलगी उठत का नाही. मला वाटलं, एकदाचं मार्गी लागलं.

तीन आठवड्यांनी त्या पहिल्या ठिकाणाहून मेल आला. त्यांना मी हवी होते. मी तोपर्यंत करारावर सही करून कामावर रुजू झाले होते, आणि ते मोडायची हिंमत माझ्यात नव्हती. मी नम्रपणे नकार लिहिला, मेल पाठवला आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिले. ज्या कामाला मी हो म्हटलं होतं, ते मी अकरा महिन्यांनी सोडलं.

त्या अकरा महिन्यांत मी स्वतःला खूप दोष दिला. चुकीची नोकरी निवडली, असं सगळ्यांना सांगत राहिले. खूप नंतर कळलं की मी ती नोकरी निवडलीच नव्हती. मी वाट बघणं संपवायचं निवडलं होतं, आणि त्या सुटकेची किंमत म्हणून नोकरी पदरात पडली होती. हे एकदा दिसल्यावर मग ते सगळीकडे दिसू लागलं. एका मैत्रिणीने एका माणसाला हो म्हटलं, कारण 'आता अजून किती थांबायचं.' वर्गातल्या एकाने पुढच्या शिक्षणासाठी पहिला हाती आलेला विषय घेतला, कारण सुट्टीत भेटणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. एक जण तर दोन वर्षं मनापासून केलेलं काम निकालाच्या महिनाभर आधी सोडून गेला. अपयश येणार असेल तर ते निदान आपल्या हाताने यावं, असं त्याला वाटलं असणार. यातले काही निर्णय पुढे चांगले निघाले. पण ते घेताना आतून एकच आवाज येत होता, एकदाचं होऊन जाऊ दे, आणि त्या आवाजाला बरं-वाईट कळत नाही. त्याला फक्त दार बंद झालेलं हवं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. घरात पैशांची निकड असेल, कुणाचं औषधपाणी अडलं असेल, कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील, तर मिळेल ती पहिली नोकरी घेणं हेच शहाणपण आहे. त्याला घाई म्हणायचा मला अधिकार नाही. थांबता येणं हीसुद्धा एक सवलत असते आणि ती मला होती. घरी दोन वेळची भ्रांत नव्हती. मला थांबता येत असूनही मी थांबले नाही, म्हणून मी हे लिहितेय.

तरुणपणीच हे इतकं का छळतं, याचं एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. 'सेटल' हा शब्द आपण मराठीत असा मुरवून घेतला आहे की तो परका वाटतच नाही. तो सेटल झाला, तिचं अजून सेटल व्हायचंय. जणू माणूस म्हणजे गढूळ पाणी, एकदा गाळ खाली बसला की पुढे ढवळायचं काम नाही. मला अजून असं पूर्ण बसलेलं पाणी भेटलेलं नाही. पन्नाशीतली माणसं नोकरी गेल्यावर रात्र रात्र जागलेली मी पाहिली आहेत. फरक इतकाच की त्यांना यापूर्वीही जागल्याची आठवण असते. चोविसाव्या वर्षी ती आठवण नसते. ही रात्र पहिलीच असते आणि ती शेवटचीही वाटते.

जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली साधारण १८ ते २५ या वयाला एक वेगळं नाव दिलं. त्याचं म्हणणं, औद्योगिक समाजांत हा काळ आता पौगंडावस्थाही राहिलेला नाही आणि पुरतं प्रौढपणही नाही, तर मधलं उमलतं प्रौढत्व आहे. त्या वयाच्या लोकांना "तुम्ही मोठे झालात का?" असं विचारलं, तर बरेच जण ना हो म्हणत ना नाही. "काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही," असं म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. मी बँकेचे कागद स्वतः भरत होते आणि ताप आला की आईला हाक मारत होते. दोन्ही खरं होतं. या वयात राहण्याचं ठिकाण बदलतं, काम बदलतं, जवळची माणसं बदलतात. सगळेच खांब एकदम हलत असताना घर डुगडुगतं, म्हणून पायाच कच्चा आहे असं कुणी म्हणत नाही. पण आपण स्वतःबद्दल मात्र ते लगेच म्हणून टाकतो.

आणि आपण निर्णय घेतो ते आजच्या स्वतःसाठी. २०१३ साली डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९,०००हून अधिक लोकांच्या उत्तरांवरून एक गोष्ट दाखवली. गेल्या दहा वर्षांत आपण किती बदललो, असं विचारलं तर लोक म्हणतात, खूप. पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल, असं विचारलं तर म्हणतात, फारसं नाही. अठरा वर्षांच्यांपासून अडुसष्ट वर्षांच्यांपर्यंत सगळ्याच वयांत हा भ्रम होता. मग चोविसाव्या वर्षी 'आयुष्यभराचा' निर्णय घ्यायचा म्हणजे नक्की कुणाच्या आयुष्याचा? ज्या बाईसाठी मी ते ठरवत होते, तिला मी अजून भेटलेच नव्हते. हे कळल्यावर माझ्या छातीवरचं ओझं खरोखर कमी झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांपुरतं ठरवणं मला जमण्यासारखं होतं. चाळीस वर्षांचं ठरवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं, आणि मी मात्र तेच करायला बसले होते.

दुसऱ्यांकडे पाहून होणारी जळजळ मी फार चघळत नाही, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगते की मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्येच मांडून ठेवलं होतं, माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो. म्हणून कुण्या अब्जाधीशाची बातमी आपण सहज वाचून सोडतो आणि शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं "कळवायला आनंद होतो" वाचून जेवण जात नाही. त्या मैत्रिणीवर प्रेम असूनही ते होतं. आपण वाईट आहोत असं त्याने ठरत नाही. तिला मनापासून अभिनंदन कळवावं आणि फोन थोडा वेळ दूर ठेवावा, इतकंच मला आजवर जमलं आहे.

त्या दिवसांत सगळे मला धीर देत होते. होईल सगळं नीट. तुला नाही मिळणार तर कुणाला मिळणार? जे होतं ते चांगल्यासाठीच. यातलं एकही वाक्य खोट्या मनाने म्हटलेलं नव्हतं, आणि एकानेही मला बरं वाटलं नाही. उलट प्रत्येक वाक्यानंतर ओझं वाढायचं. आता मिळालं नाही तर मी त्यांनाही खोटं ठरवणार होते.

नोकरी सोडल्यानंतरच्या काळात एका रात्री बाबा पाणी प्यायला उठले आणि मी अंधारात बसलेली त्यांना दिसले. त्यांनी दिवा लावला नाही. समोरच्या खुर्चीत बसले. मी विचारलं, "बाबा, माझं पुढे काय होणार?" ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला नाही माहीत, बाळा." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या वयाचा होतो तेव्हा मलाही माझं माहीत नव्हतं. तेव्हा मी कुणाला बोललो नाही." बस, एवढंच. ते पंधरा-वीस मिनिटं तसेच बसून राहिले आणि मग झोपायला गेले. त्यांनी काही उपाय सांगितला नाही. पण त्या अनिश्चिततेत मी आता एकटी नव्हते. 'मला माहीत नाही' हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणता येतं, ते म्हणून माणूस मोडत नाही, हे मी पहिल्यांदा पाहत होते. तोवर मला ते वाक्य म्हणजे कबुलीजबाब वाटायचं.

त्यानंतर मी ते स्वतः म्हणायचा सराव केला. अक्षरशः सराव. "मग, पुढे काय?" असं कुणी विचारलं की मी आधी घाईघाईने योजना सांगायचे, ज्यावर माझाही विश्वास नसायचा. आता म्हणायला लागले, "अजून ठरलं नाही. दोन गोष्टी करून बघतेय." पहिल्या काही वेळा कान गरम झाले. मग लक्षात आलं की विचारणारा माणूस बहुतेक वेळा तेवढ्यावर समाधानी असतो. त्याने बोलायचं म्हणून विचारलेलं असतं. त्या प्रश्नाचा खटला मीच मनात उभा करत होते.

दुसरी मदत झाली एका वहीची. टॉमस बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक साधी पद्धत तपासली होती. काळजीला दिवसातला अर्धा तास नेमून द्यायचा, रोज त्याच वेळी, त्याच जागी. एरवी काळजी मनात आली की ती ओळखायची, तिला त्या अर्ध्या तासाची वेळ द्यायची आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. अर्धा तास आला की मात्र मनापासून काळजी करायची, टाळाटाळ नाही. मला हे पटलं, कारण त्यात 'काळजी करू नकोस' असं कुठेच नव्हतं. ते वाक्य ऐकून आजवर कुणाची काळजी थांबलेली मी पाहिली नाही.

मी संध्याकाळी साडेसहा ही वेळ ठरवली. खिडकीजवळची खुर्ची, निळ्या पुठ्ठ्याची वही. दिवसभरात मनात आलेलं चार-पाच शब्दांत टिपून ठेवायचं आणि साडेसहाला ते उघडायचं. पहिला आठवडा काहीच साधलं नाही. काळजी वेळ पाळत नव्हती, आणि रात्री तर मुळीच नाही. दुसऱ्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट घडू लागली. सकाळी अकराला जे डोंगराएवढं वाटलं होतं, ते साडेसहाला वाचताना कधी कधी नुसतं एक वाक्य असायचं. सगळं नाही. काही काळज्या संध्याकाळीही तेवढ्याच मोठ्या होत्या, आणि त्याच खऱ्या होत्या. त्यांच्यासाठी काहीतरी करणं भाग होतं, एखादा फोन, एखादा अर्ज, कुणाची तरी माफी. वहीने एवढं केलं की पन्नास गोष्टींतून त्या तीन-चार वेगळ्या काढून दाखवल्या.

ती वही माझ्याकडे अजून आहे. मागच्या वर्षी खण आवरताना सापडली, तेव्हा जमिनीवरच बसून वाचली. बरीचशी पानं मला लख्ख आठवली. एका पानावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शुक्रवारचं काय?' खाली दोन रेघा मारलेल्या. दुसरी इतक्या जोराने की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं होतं, मागच्या पानावर भोक होतं. मी किती वेळ आठवून पाहिलं. कोणता शुक्रवार? काय व्हायचं होतं त्या दिवशी? काहीच आठवेना. आधीची आणि नंतरची पानं पाहिली, तिथेही पत्ता नाही. जिने त्या रेघा मारल्या तिची मला फार माया आली. तिचा तो शुक्रवार येऊन गेला होता. ती त्यातून पार झाली होती आणि मला त्याची खूणही उरली नव्हती, त्या भोकाशिवाय.

वाट कशी बघावी, याचा अभ्यास करणारीही माणसं आहेत. कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वकिलीची परीक्षा दिलेल्या तरुणांचा मागोवा घेतला होता. त्या परीक्षेच्या निकालाला तेव्हा चार महिने लागत. या मुलांनी चार महिने नाना उपाय केले, मन दुसरीकडे वळवलं, मुद्दाम चांगला विचार केला, मुद्दाम वाईटाची तयारी केली. वाट बघणं सोपं करायला यातलं फारसं काही उपयोगी पडलं नाही. पण जी मुलं त्या काळात तळमळली, घाबरली, वाईटाला मनातल्या मनात सामोरी गेली, ती निकाल वाईट लागल्यावर इतरांपेक्षा चांगली सावरली, आणि चांगला लागल्यावर त्यांचा आनंदही मोठा होता. मला यातून मिळालेली मोकळीक शब्दांत सांगणं कठीण आहे. मी शांत नव्हते म्हणून मी वाट बघण्यात नापास झाले, असं मला वाटत आलं होतं. शांत असायची सक्ती माझ्यावर मुळात कुणी केली होती? तळमळतही वाट बघता येते. फक्त त्या तळमळीत सही करू नये.

त्याच बाईंच्या नंतरच्या कामात एक गोष्ट वाट बघताना खरोखर मदत करताना दिसली, ती म्हणजे असं काम ज्यात माणूस हरवून जातो. अवघड असावं, पण आवाक्याबाहेरचं नसावं, आणि आपण पुढे सरकतोय हे दिसत राहावं. माझ्यासाठी ते शिवणयंत्र ठरलं. सरळ शिवण घालताना कापडाची कड आणि सुई यांच्यामध्ये बोटभर अंतर राखावं लागतं, नजर हलली की टाका वाकडा जातो. त्या बोटभर अंतरात भविष्याला जागा नसायची. तासाभराने मान वर केली की आठवायचं, अरे, मी कशाची तरी वाट बघत होते.

दबावाचंही मला उशिराच कळलं. दबावाखाली माणूस चमकतो, असं सगळे म्हणतात. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना दोन पेट्यांतला फरक ओळखायला शिकवलं होतं, आणि चुकलं की विजेचा झटका. फरक सोपा होता तेव्हा झटका जोराचा असला की उंदीर लवकर शिकत. फरक ओळखणं अवघड झालं की जोराच्या झटक्याने शिकणं उलट मंदावायचं, मध्यम झटकाच बरा ठरायचा. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मान्य. पण आपण काय करतो? आयुष्यातले सगळ्यात गुंतागुंतीचे प्रश्न, काय करायचं, कुणासोबत राहायचं, कशाला नाही म्हणायचं, हे वाढदिवसाच्या आत, निकालाच्या आत, अमक्याच्या आधी सोडवायला बसतो, आणि दर दिवशी स्वतःलाच झटका देत राहतो.

एक गोष्ट मात्र मी इथे दबक्या आवाजात सांगणार नाही. सगळ्याच रात्री वहीने निभत नाहीत. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, आवडीच्या गोष्टींनीही काही वाटेनासं झालं असेल, किंवा आपण नसलो तर बरं असा विचार एकदा जरी आला असेल, तर कृपा करून त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, आणि डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २००५ साली दिसलं होतं की आयुष्यात केव्हातरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांत तो चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो. म्हणजे हे वय नुसतंच धकाधकीचं नाही, आजार सुरू होण्याचंही आहे. 'या वयात असं होतंच' म्हणून तो अंगावर काढू नये. मी स्वतः त्या अकरा महिन्यांच्या शेवटी सहा वेळा एका समुपदेशक बाईंकडे गेले होते. पहिल्या भेटीत मी फक्त रडले. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, हे मला अजून आठवतं.

गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण माझ्याकडे राहायला आली होती. तेवीस वर्षांची आहे. एका प्रवेशाच्या निकालाची वाट बघत होती, त्याला आता पाच आठवडे झाले होते. रात्री जाग आली तेव्हा तिच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येत होता. मी दार लोटलं. ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिचा अंगठा तेच करत होता, खाली ओढायचं, गोल फिरायचा, नाहीसा व्हायचा.

"ताई," ती मान वर न करता म्हणाली, "होईल ना गं?"

'होईल गं, तुझं नाही होणार तर कुणाचं होणार', हे सगळं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पाच आठवडे ती तेच ऐकत आली असणार.

"माहीत नाही गं मला," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग फोन पालथा केला, पलंगावर ठेवला आणि थोडी सरकली.

"बस ना मग थोडा वेळ."

मी पाय वर घेऊन बसले. फोन दोघींच्या मध्ये पालथा पडलेला होता. तिचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर जड होत गेलं. खिडकीबाहेर अजून काळोखच होता.